आधी कोपर, मग जोर

फ्रीस्टाइलमध्ये पाणी मागे लोटायचं ते नुसत्या पंजाने नव्हे, बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंतच्या सबंध हाताने. २०१८ मध्ये १५०० मीटर १५ मिनिटं २०.४८ सेकंदांत पोहून विश्वविक्रम करणाऱ्या केटी लेडेकीचं पाण्याखालचं चित्रण संथ गतीने पाहा. बोटं तळाकडे वळतात, कोपर मात्र पृष्ठभागाजवळच राहतं.

पहिली तालीम काठावर. कमरेतून वाका आणि एक हात कानाजवळून पुढे ताणा. आता दंड जागचा न हलवता फक्त कोपरातून वाकवून बोटं जमिनीकडे न्या. कोपराचं टोक जमिनीकडे पाहत असेल तर खांद्यातून दंड किंचित आत फिरवा, म्हणजे ते बाहेरच्या बाजूला वळेल. मोठ्या पिंपावरून हात टाकावा तशी ही ठेवण. ती अंगवळणी पडली की पाण्यात उतरा.

हात खांद्याच्या रेषेत, बोटं आधी जातील असा घाला. तो डोक्यापुढे मधोमध गेला की अंग नागमोडी चालतं. पाण्याखाली हात पूर्ण लांबवा, मगच बोटं खाली वळवा. बहुतेकांचं बिनसतं ते इथेच! घाईने ताठ हात खाली दाबला जातो. त्याने छाती वर उचलली जाते, पाय बुडतात आणि पाण्याचा अडसर वाढतो. पंजा आणि कोपरापुढचा हात दोन्ही मागच्या भिंतीकडे तोंड करेपर्यंत दम धरा.

मग जोर लावा, तोही काखेपासून पाठीवर पसरलेल्या रुंद स्नायूचा. हात खांद्याखाली येताना कोपरात साधारण काटकोन हवा. हाताने मुद्दाम नागमोडी रेघ काढायची जुनी शिकवण सोडा. अंग कडेवर वळतं त्याने थोडा बाक आपोआप येतो. मांडीपाशी पोचताच कोपर आधी बाहेर काढा. पाण्यावरून हात वाकवून आणा किंवा जलतरणपटू केलेब ड्रेसेलसारखा सरळ फिरवा, पाण्यातली पकड तीच.

सरावाला २५ मीटर मुठी वळून पोहा, लगेच २५ मीटर पंजे उघडून. मुठीने पोहताना पाणी अजिबात हाताला लागत नसेल तर कोपर पडतंय. प्रत्येक लॅपला हात मोजा. वेळ तीच राहून हात कमी लागले तर पकड जमू लागली. खांदा पुढून दुखायला लागला तर त्या दिवशी थांबा, आणि पुढच्या वेळी पंजांवर चढवायची सरावाची पॅडल न घालता, अंग थोडं जास्त कडेवर वळवून पोहा.