तोफांचा खेळ

ज्वारीचे कणीस दाण्याने भरू लागले, म्हणजे मारेगावच्या शिवारात पाखरांचे थवे उतरतात. मचाणावरील राखणदार गोफण गरगर फिरवितो व नेमक्या क्षणी तिची एक दोरी सोडून देतो. तो क्षण चुकला, की धोंडा भलतीकडे जातो आणि पाखरे निवांत दाणे टिपीत राहतात.

संगणकावरील तोफांच्या खेळातही हीच कसोटी लागते. पडद्यावर डोंगराच्या दोन अंगांस दोन तोफा असतात. एक खेळाडू मारेगावी व दुसरा मुंबईस असला तरी चालते. एकाने गोळा सोडावा, तो पडेपर्यंत दुसऱ्याने थांबावे. ज्याची पाळी, त्याने तोफेचा कोन आणि दारूचा जोर ठरवावयाचा. १९९१ साली निघालेल्या 'स्कॉर्च्ड अर्थ' या खेळात तर वाराही वाहतो!

वारा नसेल, तर सपाट जमिनीवर ४५ अंशांतून सुटलेला गोळा सर्वांत दूर जातो. जोर सारखाच असेल, तर ३० व ६० अंशांचे गोळे एकाच जागी पडतात. मात्र ६० अंशांचा गोळा उंचावरून डोंगर ओलांडतो. पण अधिक वेळ हवेत राहिल्यामुळे वाऱ्याच्या तावडीतही अधिक सापडतो. गोळ्याची वाट अन्वस्त असते, हे गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात दाखविले.

पहिला गोळा चुकताच नवशिका कोन व जोर दोन्ही बदलतो. मग कशाने काय झाले, हे त्यास उमगत नाही. जाणता खेळाडू कोन तसाच ठेवून केवळ जोर वाढवितो. पहिला गोळा दहा हात अलीकडे, दुसरा चार हात पलीकडे. तिसरा बहुधा लागतो. अर्थात, तोवर समोरच्याने आपली तोफ शिल्लक ठेवली असेल तर!