काकांनी उघडलेलं खातं मोडू नकोस

पीपीएफवर सगळ्यात जास्त व्याज कुठली बँक देते, असं तू विचारलंस. सरळ सांगते, सगळीकडे सारखंच मिळतं. आपल्या पापडीचं पोस्ट असो, वसई रोड स्टेशनजवळची सरकारी बँक असो की तुझ्या अंधेरीच्या ऑफिसखालची खासगी बँक, दर एकच. तो बँक ठरवतच नाही. केंद्र सरकार दर तीन महिन्यांनी तो जाहीर करतं. एप्रिल २०२० मध्ये तो ७.९ वरून ७.१ टक्क्यांवर आला आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच थांबला. माझ्या काकांच्या, म्हणजे तुझ्या वडिलांच्या तरुणपणी, १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत, हाच दर १२ टक्के होता. पीपीएफचं नाव काढलं की काका अजून खुलतात ते त्यामुळेच. तेव्हा ‘आमच्याकडे थोडं जास्त मिळेल, मॅडम’ असं कोणी म्हणालं, तर तो माणूस पीपीएफबद्दल बोलतच नाहीये हे ओळख. त्याच्या हातातला फॉर्म बहुतेक विम्याचा असेल. सही करू नकोस. घरी आण, आपण दोघी मिळून वाचू.

तुझ्या प्रश्नापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते. पगाराच्या बँकेने ॲपवर ‘दोन मिनिटांत पीपीएफ उघडा’ असं दाखवलं आणि तू बटण दाबणार होतीस. अगं, तुझं पीपीएफ आहे! तू पाचवीत असताना, २०१३ साली, काकांनी पोस्टात तुझ्या नावाने उघडलं होतं. काकूच्या कपाटात, दागिन्यांच्या पावत्यांबरोबर त्याचं पासबुक आहे. आणि एका माणसाला पीपीएफचं एकच खातं ठेवता येतं. लहानपणी पालकांनी उघडलेलं असलं तरी ते तुझंच. १ ऑक्टोबर २०२४ पासून याबाबतचे नियम आणखी स्पष्ट झालेत. दोन खाती निघाली तर एक मुख्य धरतात, दुसऱ्यातली रक्कम वर्षाच्या मर्यादेत बसेल तेवढीच त्यात मिळवतात आणि वरची बिनव्याजी परत करतात. तिसरं असेल तर त्यावर उघडल्या दिवसापासून व्याजच नाही. नवीन खातं म्हणजे नवीन व्याज नव्हे, हे पहिलं ध्यानात घे.

आता त्या जुन्या खात्याचं मोल सांगते, कारण ते तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही. पीपीएफची मुदत पंधरा वर्षांची, पण ती मोजतात खातं उघडलं ते आर्थिक वर्ष संपल्यापासून. तुझं २०१३-१४ मधलं, म्हणजे ३१ मार्च २०२९ ला मुदत पूर्ण. आज नवीन उघडलंस तर तोच टप्पा गाठायला तुला पंधरा-सोळा वर्षं लागतील. काकांनी लावलेला माड फळाला येत असताना शेजारी नवीन रोप लावून पहिल्याचं पाणी बंद करण्यासारखं आहे हे. मुदत संपल्यावर खातं बंद करायलाच हवं असंही नाही. एका वर्षाच्या आत अर्ज देऊन ते पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं, हवं तितक्या वेळा. पैसे भरत राहायचे म्हणून वाढवलंस, तर त्या पाच वर्षांत, सुरुवातीला जी शिल्लक होती तिच्या ६० टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते. न भरता नुसतं चालू ठेवलंस, तर वर्षातून एकदा हवी तेवढी रक्कम काढ, उरलेल्यावर व्याज चालूच. म्हणजे वयाच्या पंचविशी-सव्विशीत तुझ्या हाती असं खातं असेल, ज्यावर करमुक्त व्याज मिळतं आणि अडीनडीला पैसेही निघतात. माझ्या वयाच्या कितीतरी बायकांकडे ते नाही.

खातं बंद पडलंय असं तू म्हणालीस. बारावीनंतर काकांना जमलं नाही, तुझ्या शिक्षणाचाच खर्च होता. घाबरू नकोस. वर्षाला किमान ५०० रुपये भरावे लागतात, ते राहिले म्हणून खातं खंडित झालंय इतकंच. आधीच्या पैशांवरचं व्याज थांबलेलं नाही. राहिलेल्या प्रत्येक वर्षाचे ५०० आणि दंडाचे ५० भरले की ते पुन्हा चालू होतं. पाच वर्षं राहिली असतील तर २,७५० रुपये. मात्र हे मुदत संपायच्या आत करावं लागतं, आणि खातं खंडित असेपर्यंत त्यातून ना कर्ज मिळत ना रक्कम काढता येत. अठरा पूर्ण झाल्यावर ते तुझ्या सहीवर करून घ्यायचं होतं, तेही राहिलंय. आधार, पॅन, फोटो आणि काका सोबत असले की पोस्टात दोन्ही कामं एकाच वेळी मांड.

मग प्रश्न येतो खातं हलवण्याचा. व्याजासाठी हलवू नकोस, कारण व्याजात फरक नाही. सोयीसाठी हलव. तुझं लग्न ठरतंय, नाशिकला जाशील. तिथून दर वेळी पापडीला कोण येणार? पीपीएफ पोस्टातून बँकेत, बँकेतून पोस्टात किंवा एका शाखेतून दुसरीत नेता येतं, आणि खात्याचं वय जसंच्या तसं राहतं. ज्या ठिकाणी खातं आहे तिथेच पासबुकासह अर्ज द्यायचा, ज्या शाखेत न्यायचं तिचा पूर्ण पत्ता लिहायचा. पोस्ट मग खात्याच्या नोंदी, मूळ अर्ज, सहीचा नमुना आणि रकमेचा चेक किंवा ड्राफ्ट तिकडे पाठवतं. नवीन शाखेत पुन्हा केवायसी करावी लागते आणि नवीन पासबुक मिळतं. ‘खातं बंद करून पैसे घ्या आणि इकडे नवीन उघडा’ असं कोणी सुचवलं तर ठाम नाही म्हण. त्यात तुझी सगळी वर्षं जातील.

अर्ज देण्याआधी पासबुकाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेव. नवीन पासबुक आलं की त्यावर खातं उघडल्याची तारीख २०१३ चीच आहे ना ते आधी बघ, मग शिल्लक, मग नॉमिनी. तारीख चुकीची पडली असेल तर त्याच दिवशी लेखी दे. आणि हे काम मार्चमध्ये काढू नकोस. वर्षअखेरीला पोस्टात आणि बँकेत दोन्हीकडे गर्दी असते, खातं वाटेत अडकलं तर वर्षाचा भरणा राहून जाईल. एप्रिलच्या सुरुवातीला पैसे भर, पासबुकात नोंद करून घे आणि मग अर्ज दे.

नावाचंही बघ. आपल्या वसईत डिमेलो-डिसोझांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका कागदावर वरचा स्वल्पविराम असतो, दुसऱ्यावर नसतो, तिसऱ्यावर मधे मोकळी जागा. एवढ्यावरून कागद परत येतात. लग्नानंतर आडनाव बदलणार असशील तर आधी आधार आणि पॅन बदल, मग खातं, सोबत विवाह नोंदणीचा दाखला. नाही बदललंस तरी काही अडत नाही. मला विचारशील तर खात्यावर तुझं माहेरचं नाव राहिलं तरी उत्तम. नॉमिनी कोण, हे तू ठरव. नॉमिनी बदलायला पूर्वी ५० रुपये लागत, एप्रिल २०२५ पासून तेही लागत नाहीत.

व्याज वाढवायचंच असेल तर ते तुझ्या हातात आहे, बँकेच्या नाही. पीपीएफमध्ये महिन्याच्या ५ तारखेची शिल्लक आणि महिनाअखेरची शिल्लक यांतली जी कमी, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज मिळतं. सहा तारखेला भरलेल्या पैशाला तो महिना फुकट जातो. तुझा पगार एक तारखेला होतो, तर महिन्याला ५,००० रुपये तीन तारखेला आपोआप जातील असं लाव. पाचच्या आत भरलेस तर वर्षाचं व्याज साधारण २,३०० रुपये होतं, नंतर भरलेस तर १,९५० च्या आसपास. फरक लहान वाटेल. पण वर्षाची कमाल मर्यादा दीड लाख आहे, ते सगळे जर कोणी एप्रिलच्या पहिल्या पाच दिवसांत भरले, तर ७.१ टक्क्यांनी पंधरा वर्षांत ४० लाख ६८ हजारांच्या घरात जातात. तेच दर वर्षी मार्चअखेर भरले तर ३८ लाखांच्या जरा आत. पावणेतीन लाखांच्या आसपासचा फरक, निव्वळ तारखेचा! चेकने भरशील तर तो वटतो त्या दिवसाची तारीख धरतात, म्हणून ४ तारखेला चेक देऊन निश्चिंत होऊ नकोस.

एफडीचंही विचारलंस ना. पापडी नाक्यावरची आपली कॅथॉलिक बँक १९१८ साली मोन्सेनियर पी. जे. मोनिस यांनी सुरू केली. वसईतल्या किती घरांचे पैसे तिथे आहेत हे तुला माहीत आहे. तिथलं तुझं बचत खातं आणि एफडी असू दे. पण पीपीएफ सहकारी बँकेत उघडता येत नाही. ते पोस्टात, सरकारी बँकांत आणि सरकारने परवानगी दिलेल्या काही खासगी बँकांतच मिळतं. एफडीच्या व्याजावर कर लागतो, पीपीएफच्या व्याजावर नाही, मग करपद्धत नवी घे की जुनी. पीपीएफमध्ये भरलेल्या रकमेची वजावट मात्र जुन्या पद्धतीतच मिळते. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते: नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, त्यामुळे आज तुला दोन्हीतला फरक जाणवणार नाही. पगार वाढून ३० टक्क्यांच्या टप्प्यात गेलीस की ७ टक्क्यांच्या एफडीतून सेस धरून हाती ४.८ उरतात, तेव्हा कळेल. शिवाय कुठल्याही बँकेतल्या ठेवींना माणशी ५ लाखांपर्यंतच विमा आहे. पीपीएफ खुद्द सरकारकडे, आणि कोर्टाच्या हुकमानेही कर्ज देणारा त्यावर जप्ती आणू शकत नाही. घरातल्या बाईच्या नावावर असा पैसा असायलाच हवा, असं मला अगदी मनापासून वाटतं.

सगळेच पैसे मात्र त्यात घालू नकोस. चार-सहा महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात किंवा छोट्या एफडीत हाताशी ठेव.

आपल्याकडून आखातात आणि कॅनडाला जाणारे पुष्कळ, म्हणून हेही सांगून ठेवते. अनिवासी झाल्यावर नवीन पीपीएफ उघडता येत नाही, असलेलं मुदतीपर्यंतच चालतं, वाढवता येत नाही. होणाऱ्या नवऱ्याचा तसा विचार असेल तर आत्ताच विचारून घे, कारण २०२९ नंतरचं सगळं गणित त्यावर अवलंबून आहे. आणि दादाच्या छोटीसाठी वहिनीला सुकन्या समृद्धी सुचव. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत उघडायचं, वर्षाला किमान २५० रुपये, व्याजदर जानेवारी २०२४ पासून ८.२ टक्के आणि व्याज तसंच करमुक्त. तेही एका पोस्टातून दुसऱ्या पोस्टात किंवा बँकेत नेता येतं.

या शनिवारी काकांना घेऊन पोस्टात जा. पासबुक, दोघांचं आधार, तुझं पॅन, दोन फोटो, आणि थकबाकीचे पैसे थोडे जास्तच ने, मोजणी त्यांची वेगळी निघू शकते. पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो आधी मला पाठव, नावाचं स्पेलिंग मी पॅनशी ताडून बघते.