चावी सध्या खिळ्यालाच

बाळा,

डॉक्टरांनी "इतक्यात गाडी नको" म्हटल्यापासून तू तोंड पाडून बसला आहेस, असं तुझ्या आईने पुण्याहून फोन करून सांगितलं. मी तुझी समजूत घालावी अशी तिची इच्छा. समजूत घालणं मला जमत नाही, पण डोकं आपटून लायसन्स घालवायचा आणि परत मिळवायचा अनुभव आपल्या घरात एकट्या माझ्यापाशी आहे. तू निदान सायकलवरून पडलास. मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले आणि आमच्याच दारातल्या बर्फावर आडवी झाले. कवटीच्या आत रक्त साकळलं, ऑपरेशन झालं आणि पुढे जवळजवळ वर्षभर हॅरोच्या बस-ड्रायव्हरांशी माझी चांगली ओळख झाली. त्या वर्षात करण्यासारख्या सगळ्या चुका मी करून ठेवल्या आहेत, तेव्हा तू नव्या शोधत बसू नकोस.

चहा घे आणि एकेक वाच. एका दमात वाचलंस तर डोकं धरेल.

१. गाडीची चावी खिशातून काढ आणि सहज हात पोचणार नाही अशा खिळ्याला लाव — सवयीचा हात डोक्याला विचारत नाही. तिसऱ्याच आठवड्यात मी दूध आणायला म्हणून गाडी काढली, कोपऱ्यापर्यंत गेले आणि दूध डावीकडे मिळतं की उजवीकडे तेच आठवेना.

२. डीव्हीएलएला, म्हणजे इथल्या लायसन्सच्या खात्याला, आपण होऊन कळव, डॉक्टर कळवतील म्हणून वाट बघू नकोस — ही जबाबदारी लायसन्सवाल्याची असते आणि न कळवल्यास १,००० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो. सांगूनही तू चालवत राहिलास तर मात्र डॉक्टर स्वतः स्वॉन्सीच्या त्या ऑफिसला कळवू शकतात, आणि तेव्हा त्यांच्यावर रुसायचं नाही.

३. "जरासंच लागलं होतं" हे तू ठरवू नकोस, डॉक्टरांना ठरवू दे — साध्या टेंगळाची गोष्ट निराळी. पण मेंदूला मार बसला, आत रक्त आलं, कित्येक दिवसांची आठवण पुसली गेली, तर साधारण ६ ते १२ महिने चाक हातात येत नाही.

४. एखादी फिट आली तर ती लपवू नकोस, बायकोने पाहिली नसली तरी — अपस्मार ठरला तर साधारण १२ महिने एकही फिट न येता जावे लागतात. लपवलेली फिट पुन्हा येते, आणि ती मोटरवेवर येणार की सोफ्यावर हे आधी सांगत नाही.

५. आता मुख्य गोष्ट, इथे चहाचा कप खाली ठेव. लायसन्स स्वतःहून परत कर, ते काढून घेतलं जाईपर्यंत थांबू नकोस — काढून घेतलं तर नवं कार्ड हातात पडेपर्यंत गाडीला हात लावता येत नाही. पण स्वतः परत केलं असेल, पुन्हा अर्ज केल्यावर तो डीव्हीएलएकडे पोचला असेल आणि डॉक्टर "चालवायला हरकत नाही" म्हणत असतील, तर निर्णय व्हायच्या आत चालवता येऊ शकतं. १९८८ च्या रोड ट्रॅफिक अॅक्टच्या ८८ व्या कलमात ही सोय आहे.

मी काय केलं? परत करायचं म्हणजे हार मानायची, असं मनात धरून पाकीट फ्रिजवर ठेवलं. शेवटी लायसन्स रद्द झाल्याचं पत्र आलं. माझ्याबरोबर त्याच वॉर्डात असलेल्या एका पंजाबी बाईंनी पहिल्याच महिन्यात सही करून कार्ड पाठवलं होतं. आमची गाडी न चालवण्याची मुदत जवळपास एकदमच संपली. त्या गाडी चालवत मला भेटायला आल्या आणि मी खिडकीतून त्यांना हात केला. तेव्हापासून मी म्हणते, ओढून नेलेल्या पातेल्याला पोचा पडतो, हाताने दिलेलं घासूनपुसून घरी येतं.

६. कार्ड पाठवण्याआधी दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढ आणि पासपोर्ट हाताशी ठेव — पोस्टात पार्सल घ्यायला गेल्यावर फोटोची दुसरी ओळख मागतात, आणि "मला ओळखत नाही का?" हे आपल्या गावात चालतं, इथे नाही.

७. एक वही कर: कोणाला काय पाठवलं, कधी पाठवलं, फोनवर कोण काय बोललं — जखमी मेंदू खोटं बोलत नाही, पण गाळलेल्या जागा आपल्याच मनाने भरतो.

८. डीव्हीएलएला कळवायच्या बी-वन फॉर्ममध्ये सर्जनचं नाव, हॉस्पिटलचा पूर्ण पत्ता आणि जीपीचा, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांचा, पत्ता ताजा घाल — डीव्हीएलए पुढची चौकशी त्यांच्याकडेच करतं. मी वर्षापूर्वी बदली होऊन गेलेल्या डॉक्टरांचं नाव लिहिलं, मग पत्र त्यांना शोधत हिंडलं आणि मी पत्राला.

९. जीपीच्या रिसेप्शनवर आधीच सांगून ठेव की असं पत्र येणार आहे — माणसं भली असतात, पण त्यांच्या टेबलावर तुझ्यासारखे दोनशे भाचे असतात.

१०. मुदत संपायच्या ८ आठवडे आधी पुन्हा अर्ज करता येतो, ती तारीख कॅलेंडरवर लाल कर — मुदत संपल्यावर जागं होणं म्हणजे पाहुणे दारात आल्यावर डाळ भिजत घालणं.

११. डोळ्यांची तपासणी नुसत्या चष्म्याच्या नंबरावर सोडू नकोस. २० मीटरवरची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून समोरचं आडवं दृश्य निदान १२० अंशांचं दिसलं पाहिजे — डोक्याला मार लागल्यावर डोळा शाबूत असतो, पण एका बाजूचं चित्र मेंदूपर्यंत पोचेलच असं नाही.

१२. आणि त्याहून आधी, घरी ताट बघ. हे मी तुला हसत सांगतेय, पण नीट ऐक. हॉस्पिटलातून आल्यावर तुझे काका रोज साग्रसंगीत ताट वाढायचे. मी उजवीकडची भाजी संपवायची, आमटी संपवायची, भात संपवायची. डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड तशीच. बिचाऱ्यांना वाटलं चटणी बिघडते आहे. दोन आठवडे त्यांनी कधी मीठ वाढवलं, कधी मिरची कमी केली, एकदा तर खोबऱ्याऐवजी शेंगदाणे घातले. शेवटी थेरपिस्ट घरी आली, तिने ताट नुसतं अर्धं फिरवलं आणि मी म्हटलं, "अरे, चटणी केव्हा वाढलीत?" डोळे बघत होते, पण मेंदू डावीकडचं जग हिशेबातच धरत नव्हता. दाराच्या चौकटीला डावाच खांदा का लागतो, डाव्या गालावर साबण का राहतो, सगळ्याचा उलगडा त्या दिवशी झाला. माझं चार महिन्यांत सुधारलं. सगळ्यांचं सुधारतंच असं नाही, म्हणून बघायचं — ताटात डावीकडे चटणी असते, इथल्या रस्त्यात डावीकडे सायकलवाला असतो. तो तूच असतोस.

१३. खरं बोलणारं एक माणूस नेमून ठेव, आणि ते आई नको — आई "बरा दिसतोस" म्हणेल. तू जिच्यावर खेकसतोस ती बायकोच बरोबर. आपण बदललो हे सगळ्यात शेवटी आपल्याला कळतं.

१४. शेजारच्या सीटवर बसून गाडी चालव, म्हणजे तोंडाने: "पुढे झेब्रा, डावीकडे पोरगं, लाल व्हॅन बाहेर येतेय" — बोलण्याआधी घटना घडून गेली तर अजून वेळ आहे, हे तुझं तुलाच कळेल. काका वैतागतील तर वैतागू देत, माझ्या वेळीही वैतागले होते.

१५. ड्रायव्हिंग असेसमेंटला भिऊ नकोस, उलट मागून घे — ड्रायव्हिंग मोबिलिटीच्या केंद्रांत ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि ड्रायव्हिंग शिकवणारा, दोघं बरोबर बसतात, आणि गाडीला त्यांच्याही पायाशी ब्रेक असतो. तिथे ते खोड काढायला बसलेले नसतात. कुठे अडतंय ते पाहून वाट काढायला बसलेले असतात.

१६. आदल्या रात्री झोप, सकाळची वेळ माग आणि नेहमीचा चष्मा ने — मी दुपारी अडीचची घेतली होती, आणि तोवर माझं डोकं जेवून वामकुक्षीला गेलेलं होतं.

१७. हात-पाय कमी पडत असतील तर ऑटोमॅटिक गाडी, स्टिअरिंगवरचा लट्टू, डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर, जे सुचवतील ते घे — लायसन्सवर ७८ आकडा आला म्हणजे फक्त ऑटोमॅटिक, एवढंच. क्लचमध्ये पौरुष असतं हा गैरसमज मी तुझ्या काकांच्या डोक्यातून तीस वर्षांत काढू शकले नाही, तू तरी ऐक.

१८. भारतातलं जुनं लायसन्स कपाटातून काढू नकोस — इथे राहायला आल्यावर ते पहिले १२ महिनेच चालतं, आणि तुझे १२ महिने लग्नाआधीच सरले. दिवाळीला घरी गेलास तरी स्कूटर नको; विमानात बसून मेंदू बदलत नाही.

१९. सायकलला लायसन्स लागत नाही हेही मला ऐकवू नकोस — तुझ्या डॉक्टरांना विचार आणि तोवर पायी चाल.

२०. गोळ्यांची यादी आणि प्रिस्क्रिप्शनची प्रत पाकिटात ठेव — डायझेपाम, क्लोनाझेपाम, मॉर्फिन अशी काही औषधं २०१५ पासून ड्रग-ड्रायव्हिंगच्या कायद्यात आहेत. सांगितल्याप्रमाणे घेतली आणि गुंगी नसेल तर बचाव आहे, पण गुंगी असेल तर प्रिस्क्रिप्शनही वाचवत नाही.

२१. इन्शुरन्सवाल्यांना सगळं सांग, न विचारलेलंही — हप्ता थोडा वाढला तर परवडतो, दावा फेटाळला गेला तर घर विकावं लागतं.

२२. गाडी कोणीच चालवणार नसेल तर सॉर्न करून, म्हणजे ती रस्त्यावर नाही असं कळवून, ड्राइव्हवेत उभी कर, पुढच्या पूर्ण महिन्यांचा टॅक्स परत येतो — मात्र सॉर्न केलेली गाडी रस्त्यावर उभी करायची नाही, आपलं दार आणि सरकारचा रस्ता यांत चार फुटांचंच अंतर असलं तरी.

२३. काउन्सिलकडे बसच्या पासाची चौकशी कर — इंग्लंडात तब्येतीमुळे ज्याला लायसन्स नाकारलं जाईल, त्याला वय झालेलं नसतानाही फुकट पास मिळू शकतो. मला हे सात महिन्यांनी, बसथांब्यावर, काठीवाल्या एका आजोबांकडून कळलं. तोवरच्या तिकिटांत पैठणी आली असती.

२४. लिफ्ट मागायला लाजू नकोस, पण वेळेआधी पाच मिनिटं दारात उभा राहा — नेणाऱ्याला पेट्रोलाचं काही वाटत नाही, थांबण्याचं वाटतं. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला मी त्या वर्षी तीन वेगवेगळ्या गाड्यांतून गेले, आणि इतक्या वर्षांत कळल्या नव्हत्या तेवढ्या बातम्या कळल्या.

२५. नकार आला तर चिडून कोर्टाची वाट धरण्याआधी नवा वैद्यकीय कागद मिळतो का ते बघ — इंग्लंड-वेल्समध्ये मॅजिस्ट्रेट कोर्टात जायला ६ महिने असतात, स्कॉटलंडात फक्त २१ दिवस. तारीख वहीत लिही, राग लिहू नकोस.

२६. लायसन्स १, २, ३ किंवा ५ वर्षांपुरतंच आलं तर नाक मुरडू नकोस — पुन्हा बघणार आहेत, म्हणजे तुला विसरलेले नाहीत. मुदत मात्र तू विसरू नकोस.

२७. कार्ड आलं की आठवडाभर सकाळी, कोरड्या रस्त्यावर, वीस मिनिटं. रेडिओ बंद, मुलं घरी, फोन मागच्या सीटवरच्या पिशवीत — निरोगी डोकं चार कामं करून पाचवं झेलतं, शिवलेलं डोकं दुसऱ्यालाच दमतं.

२८. थकवा आला की गाडी बाजूला घे, "आता पोचलोच" म्हणू नकोस — हा थकवा उतरणीसारखा हळूहळू येत नाही, जिन्याची शेवटची पायरी चुकावी तसा येतो.

२९. मोठे राउंडअबाउट सगळ्यात शेवटी. आणि स्विंडनचं ते मॅजिक राउंडअबाउट, एका मोठ्याभोवती पाच छोटी, १९७२ पासून फिरतंच आहे, तू नाही फिरलास तरी चालेल — माझं डोकं आपटण्याआधीही मला ते कळलं नव्हतं.

३०. पहिली फेरी देवळात नको, मित्राकडे नको, ऑफिसात तर नकोच. कचऱ्याच्या डेपोत जा — तिथे कोणी वाट बघत नसतं, उशीर झाला तर कोणी फोन करत नाही, आणि अर्ध्यातून परतलास तर लाज वाटायला कोणी ओळखीचं नसतं. मी जुनी गादी टाकायला गेले होते. काका शेजारी, हात हँडब्रेकवर, तोंडात रामरक्षा. अकरा मिनिटांचा रस्ता मी पंचवीस मिनिटांत नीट पार केला, आणि फाटकावर पाटी होती की डेपो आज बंद. गादी परत आणली. अजून वरच्या खोलीत आहे. तू येशील तेव्हा तिच्यावरच झोपायचं आहे.

तुझी,
मावशी