गव्हाणीचा सण आणि घरातील मुके सोबती

शास्त्रवाचन : २ शमुवेल १२:१-४, नीतिसूत्रे १२:१०, लूक २:१-७, फिलिप्पैकरांस १:९-११
मध्यवर्ती विचार : प्रीतीला ज्ञानाची जोड नसेल तर ती प्रीतीच इजा करू शकते.



नोएडात एका नाताळाच्या आदल्या संध्याकाळी आमच्या घरी घडलेली गोष्ट प्रथम सांगतो. केक भाजून झाला होता. उपासनेस निघण्यापूर्वी माझ्या धाकट्या मुलीने आपल्या वाट्याचे तीन मोठे तुकडे मोत्याला भरवले. मोती हा आमचा लहानखुरा कुत्रा. सणाचा घास त्यालाही मिळावा, एवढीच तिची इच्छा होती, आणि मी ते कौतुकाने पाहत उभा होतो. त्या केकमध्ये मनुका भरपूर होत्या. पहाटे मोत्याला उलट्या सुरू झाल्या. जास्त खाल्ले असेल, उतरेल आपोआप, असे म्हणून आम्ही पाहुण्यांच्या गडबडीत एक दिवस दवडला. सव्वीस तारखेस त्याची लघवी बंद झाली. पशुवैद्यांनी मूत्रपिंडे निकामी झाल्याचे सांगितले, आणि वर्ष संपण्यापूर्वी मोती गेला.

"पप्पा, मी तर प्रेमानेच दिला होता ना?" असे मुलीने विचारले. तिचे म्हणणे खरे होते. उणीव प्रेमाची नव्हती, ज्ञानाची होती. आणि ते ज्ञान मिळवणे हे तिचे नव्हे, माझे काम होते. त्या प्रश्नाला उत्तर देण्याच्या प्रयत्नातून हा पाठ तयार झाला आहे.

१. शास्त्र काय शिकवते?

लूककृत शुभवर्तमानात बैल किंवा गाढव यांचा उल्लेख नाही. तेथे केवळ गव्हाणी आहे. पण गव्हाणी म्हणजे जनावरांना चारा घालण्याची जागा. तारणाऱ्याला या जगात पहिला बिछाना मिळाला तो मुक्या प्राण्यांच्या वाट्यातून. यशया १:३ मध्ये बैल व गाढव आपल्या धन्याला ओळखतात असे सांगितले आहे. मंडळीने ते वचन गव्हाणीशी जोडले, म्हणून ते दोन प्राणी नाताळाच्या चित्रांत आले. सन १२२३ मध्ये संत फ्रान्सिस यांनी इटलीतील ग्रेच्चो या गावी जन्माचा देखावा मांडला, तेव्हा खरा बैल व खरे गाढव आणून उभे केले होते.

पाळीव प्राण्याचे सर्वांत हृद्य चित्र मात्र नाथान संदेष्ट्याच्या दाखल्यात आहे. गरीब माणसाची ती एकुलती मेंढी त्याच्या मुलांबरोबर वाढली. त्याच्या ताटातले खाई, त्याच्या प्याल्यातले पिई, त्याच्या उराशी निजे. दावीद राजाचा क्रोध भडकला तो या मेंढीवर झालेल्या अन्यायामुळे. घरातील प्राण्यावर जीव लावणे हे श्रीमंतांचे चोचले नव्हेत, हे या दाखल्यावरून कळते. नीतिसूत्रे १२:१० मध्ये तर आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेणे हे नीतिमानाचे लक्षण म्हणून नोंदवले आहे. शब्बाथाच्या विश्रांतीत गुरांनाही वाटा होता (निर्गम २०:१०). सणाच्या दिवशी मुका जीव विसरला जाऊ नये, ही देवाची जुनी आज्ञा आहे.

या शिकवणीतून कृतीही घडली. प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था लंडनमध्ये १८२४ साली स्थापन झाली, ती आर्थर ब्रूम या धर्मगुरूंच्या पुढाकाराने. विल्यम विल्बरफोर्स हेही संस्थापकांपैकी होते. भारतात कलकत्त्यास १८६१ साली अशी संस्था निघाली.

पौल फिलिप्पैकरांसाठी प्रार्थना करतो, तेव्हा त्यांची प्रीती ज्ञानाने व विवेकाने वाढत जावी असे मागतो. त्याने हे माणसांच्या परस्पर प्रीतीविषयी लिहिले. पण आपल्या हवाली केलेल्या प्रत्येक जिवाला हा नियम लावता येईल. आता तो घरातील सणाला लावून पाहू.

२. सणाची पंगत

सुरफुनीकी स्त्रीने प्रभूला दिलेल्या उत्तरात मेजाखाली मुलांच्या हातून पडणारा चुरा खाणारी कुत्र्याची पिले येतात (मार्क ७:२८). तेव्हाच्या घरांतही हे दृश्य असे. पण त्या मेजावर भाकर होती. आपल्या नाताळाच्या मेजावर काय असते, हे पाहिले पाहिजे.

मनुका, बेदाणे व द्राक्षे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. त्यांतील टार्टारिक आम्ल हे यामागचे कारण असावे, असे अलीकडे मानले जाते. किती खाल्ल्याने धोका होईल हे निश्चित सांगता येत नाही. एखाद्याला थोड्याही बाधतात. म्हणून प्लम केक व मनुका घातलेल्या करंज्या त्यांच्या वाट्याला देऊच नयेत. चॉकलेटमधील थिओब्रोमीन कुत्र्यांच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते आणि हृदयावर व मज्जासंस्थेवर परिणाम करते. चॉकलेट जितके गडद, तितका धोका अधिक. कांदा व लसूण रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. ते शिजवल्यानेही निर्धोक होत नाहीत, म्हणून मटणाचा रस्सा व पुलाव वर्ज्य. मांजरांना तर ते अधिकच बाधतात. शिजवलेल्या हाडांच्या चिरफळ्या होऊन घशात किंवा आतड्यात रुततात. तेलकट, तुपकट उरलेसुरले खाऊन स्वादुपिंडाचा दाह होतो. बिनसाखरेच्या च्युइंगममधील झायलिटॉलमुळे कुत्र्याच्या रक्तातील साखर एकाएकी उतरते. वाइन व रममध्ये भिजवलेला सुकामेवा यांविषयी वेगळे सांगावयास नको.

मग त्यांनी सण करू नये काय? अवश्य करावा. मीठ-मसाल्याविना उकडलेले हाडरहित कोंबडीचे मांस, थोडा मऊ भात, उकडलेले गाजर किंवा भोपळा, एवढे ताट त्यांना पुरेसे आहे. पाहुण्यांनाही आल्या आल्या नम्रपणे सांगावे की, "मोत्याचे जेवण झाले आहे, कृपया त्याला काही देऊ नका."

३. सजावट

नाताळाचे झाड भक्कम बांधावे, कारण मांजर त्यावर चढणारच. काचेचे गोळे उंच फांद्यांवर लावावेत. चकचकीत झिरमिळ्या मांजरांना खेळणे वाटतात. पण गिळल्यास त्या आतड्यात अडकून आतडे कापू शकतात. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोऱ्याचे टोक दिसल्यास ते ओढू नये, तसेच डॉक्टरांकडे न्यावे. दिव्यांच्या माळांची वायर कुरतडल्यास विजेचा धक्का बसतो, म्हणून घरी कोणी नसताना माळा बंद ठेवाव्यात. मेणबत्त्या शेपटीच्या टप्प्यात नसाव्यात.

फुलांविषयी एक गैरसमज आहे. नाताळात दिसणाऱ्या लाल पानांच्या पॉइनसेटियाला लोक फार भितात. वस्तुतः त्याच्या चिकाने बहुधा तोंडाची आग व उलटी एवढाच त्रास होतो. उलट वेदीवर व पुष्पगुच्छांत आवडीने वापरली जाणारी लिली मांजरांना प्राणघातक आहे. तिचे पान, पराग, इतकेच काय फुलदाणीतील पाणीदेखील मांजराची मूत्रपिंडे निकामी करते. मांजर असलेल्या घरी लिली आणू नये, हेच बरे.

४. थंडी, धुके आणि आवाज

महाराष्ट्रातून उत्तरेत आलेल्या कुटुंबांना येथील हिवाळ्याची कल्पना हळूहळू येते. नोएडात डिसेंबरअखेर व जानेवारीत रात्रीचे तापमान पाच-सहा अंशांपर्यंत उतरते आणि सकाळी धुक्यात धूर मिसळतो. अशा वेळी कुत्र्याला पहाटे फिरवण्याऐवजी ऊन पडल्यावर न्यावे. चपट्या नाकाच्या पगसारख्या जातींना प्रदूषित हवेत श्वास घेणे विशेष जड जाते. गारठलेल्या फरशीवर झोपू न देता गोणपाट किंवा जुने ब्लँकेट घालावे. पिले व म्हातारे प्राणी यांना ऊब अधिक लागते. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नये. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वास न देता माणसांना व प्राण्यांना सारखाच मारतो. सकाळी मोटार सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा माराव्यात, कारण उबेसाठी मांजरे इंजिनाजवळ शिरून बसतात.

दिल्ली परिसरात हिवाळी प्रदूषणामुळे फटाक्यांवर अनेक वर्षे निर्बंध घातले जात आहेत. तरीही नववर्षाच्या रात्री ते वाजतात. कुत्र्याचे कान आपल्याहून कितीतरी तीक्ष्ण असतात. तो थरथरतो, पलंगाखाली शिरतो, दार उघडे दिसताच पळत सुटतो. अशा वेळी रागावू नये. बलामाच्या गाढवीने तीनदा मार खाल्ला, पण जे तिला दिसत होते ते धन्याला दिसत नव्हते (गणना २२:२१-३३). प्राणी हट्ट करतो तेव्हा त्याला काय जाणवते आहे, हे आधी पाहावे. आतल्या खोलीत पडदे ओढून, रेडिओ मंद लावून, कोणीतरी जवळ बसावे.

५. दार आणि शेजार

कॅरलची मंडळी रात्री दारी येतात, दार पुन्हापुन्हा उघडते आणि प्राणी निसटतो. ते येण्यापूर्वीच त्याला आत बंद करावे आणि गळपट्ट्यावर आपला दूरध्वनी क्रमांक असावा. उंच इमारतींत बाल्कनीला जाळी असणे आवश्यक आहे. अनोळखी मुलांच्या घोळक्यात शांत कुत्राही घाबरून चावू शकतो, म्हणून मुले व कुत्रा यांना मोठ्या माणसाच्या देखरेखीविना एकत्र ठेवू नये.

शेजारधर्म येथेच येतो. नोएडा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पाळीव कुत्री व मांजरे यांविषयीचे धोरण मंजूर केले. त्यात नोंदणी व रेबीजची लस सक्तीची केली. सार्वजनिक जागेतील घाण साफ करण्याची जबाबदारी मालकावर टाकली. प्राण्याने कोणास इजा केल्यास दहा हजार रुपये दंड व जखमीच्या उपचाराचा खर्च मालकाने द्यावा असे ठरवले. काहींना हे जाचक वाटले. परंतु माझ्या प्रेमाचा भार शेजाऱ्याने का सोसावा? निर्गम २१:२९ मध्ये मारका बैल मोकळा सोडणाऱ्या धन्यालाच जबाबदार धरले आहे. कोणास चावा बसलाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा.

६. गावी जाताना व भेट देताना

नाताळात अनेक जण महाराष्ट्रात गावी जातात. रेल्वेने कुत्रा बरोबर न्यावयाचा तर प्रथम वर्गातील संपूर्ण कूपे किंवा केबिन आरक्षित करावी लागते. एरवी त्याला गार्डच्या डब्यात ठेवतात. धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात, हे ध्यानात घेता त्याला ओळखीच्या घरी ठेवणे पुष्कळदा अधिक दयेचे ठरते. ताटलीत चार दिवसांचे अन्न ठेवून कुलूप लावणे ही मात्र क्रूरता होय.

पिलू भेट म्हणून देण्याचा मोह नाताळात होतो. ती दहा-पंधरा वर्षांची जबाबदारी आहे. घेणाऱ्या घराची संमती नसताना ती कोणावर लादू नये.

७. संकट आलेच तर

पशुवैद्यांचा क्रमांक आणि पंचवीस तारखेस कोणता दवाखाना उघडा असेल, हे आधीच विचारून ठेवावे. प्राण्याने घातक वस्तू खाल्ल्यास काय, किती व केव्हा खाल्ले हे लिहून, वेष्टण घेऊन तत्काळ निघावे. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. माणसांची औषधे देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. आणि आम्ही केले तसे "उद्या पाहू" असे म्हणू नये.

समारोप

आज आमच्या घरी दुसरा मुका सोबती आहे. नाताळाच्या आदल्या दिवशी मुलगी स्वतः त्याचे ताट वेगळे वाढते आणि पाहुण्यांना सूचना देते. तिच्या प्रीतीत ज्ञान मिसळले आहे. ते मिळवण्यासाठी मोत्याला किंमत मोजावी लागली, ही खंत मात्र माझी आहे. वाचकांना ती वाटू नये, म्हणून हे लिहिले.

चर्चेसाठी प्रश्न

१. नाथानाने दाविदाला त्याचे पाप दाखवण्यासाठी पाळीव मेंढीचाच दाखला का निवडला असावा?
२. चांगल्या हेतूने, पण माहितीअभावी आपण कोणास इजा केली आहे काय? त्यावरून काय शिकलो?
३. आपल्या प्राण्यामुळे शेजाऱ्यांना होणारा कोणता त्रास या नाताळात दूर करता येईल?

प्रार्थना

हे सृष्टिकर्त्या प्रभो, गव्हाणीत निजलेल्या तुझ्या पुत्राच्या जन्माचा आनंद आमच्या घरातील प्रत्येक जिवाला लाभो. जे बोलू शकत नाहीत त्यांचे दुःख ओळखण्याची बुद्धी आम्हांला दे, आणि आमची प्रीती ज्ञानाने वाढव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.