जुनी शंभर सीसी पुन्हा रस्त्यावर आणताना

पहिल्याच खेपेला आरएक्स १०० च्या मागे लागू नका. तिचे भाव चढलेले आहेत आणि तिच्या नावाने खपणारे नकली सामानही उदंड. शिकायला हीरो होंडाची सीडी १०० बरी. १९८५ साली आलेल्या या गाडीचं ९७.२ सीसीचं चार-स्ट्रोक इंजिन पुढे स्प्लेंडरच्याही कामी आलं. त्यामुळे पुण्याच्या नाना पेठेत जा किंवा तालुक्याच्या दुकानात, सामान मिळतं. तरी मागताना जुना भाग पिशवीत घेऊनच जावं. ‘सेमच आहे’ म्हणून दिलेली केबल दोन बोटं आखूड निघते.

गाडी गोठ्याच्या पडवीत पडलेली असो की सोसायटीच्या जिन्याखाली, हात लावण्याआधी आरसी बुक मागा. चासी नंबर आणि इंजिन नंबर कापडाने पुसून पुस्तकाशी ताडून पाहा. खाजगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. जुना दंड, थकलेला पर्यावरण कर, बँकेचा बोजा, मूळ मालक हयात नसणं, यांतलं काय निस्तरता येईल ते आरटीओत विचारा. कागद जमत नसतील तर गाडी कितीही देखणी असो, सोडून द्या.

आता मुख्य पथ्य: सगळी गाडी एकदम खोलायची नाही. नवखा माणूस उत्साहात इंजिनापर्यंत नटबोल्ट सोडतो आणि गाडी पुढची काही वर्षं खोक्यांत राहते. एका वेळी एकच भाग खोला, त्याचा फोटो काढा, स्क्रू नाव लिहिलेल्या डबीत ठेवा. या गाडीचे चौफुली स्क्रू जपानी मापाचे असतात. साध्या स्क्रू ड्रायव्हरने डोकी झिजतात. हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, पैसे वसूल होतात.

किक मारण्याची घाई नको. प्लग काढून त्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी चौथ्या गिअरात मागचं चाक हाताने हळूहळू पुढे-मागे करा. पिस्टन हलला तर निम्मी लढाई जिंकली. नाहीच हलला तर पुन्हा तेल, पुन्हा वाट. जोर लावू नका. मोकळा झाल्यावर प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक द्या. अंगठा फेकला गेला तर कॉम्प्रेशन आहे. मग प्लग कॅपला लावून त्याचं धातूचं अंग हेडला टेकवा आणि ठिणगी पाहा. हे करताना प्लग भोकापासून लांब असू द्या, जवळपास पेट्रोल नको. ठिणगी नसेल तर आधी नवा प्लग, मग कॅप, मग अर्थची वायर. सीडीआयवर संशय सगळ्यांत शेवटी घ्या.

सर्वाधिक वेळ टाकीला द्यावा लागतो. जुनं पेट्रोल वार्निशसारखं उग्र वासतं. ते उघड्यावर, विडी-सिगरेटपासून दूर काढा. कॉक काढून भोक बुचाने बंद करा. आत मूठभर छोटे नट टाकून टाकी खळखळवा, ते मोजून बाहेर काढा, मग पांढरं व्हिनेगर भरून दिवसभर ठेवा. ओतून टाकल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच उन्हात खडखडीत वाळवा आणि आतून थोडं तेल फिरवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबेरा धरतो. पेट्रोलची नळी आणि कार्ब्युरेटरची रबरं नवीच घाला. सध्याच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलपुढे जुनं रबर टिकत नाही, म्हणून इथेनॉल सोसणारी नळी मागा. कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये सुई खुपसू नका. क्लीनरने भिजवून हवा मारा. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं असतंच, असं समजूनच उघडा.

इंजिन ऑइल बदला. या इंजिनाला बदलायचं फिल्टर नसतं, उजव्या कव्हरमागे जाळी आणि फिरतं फिल्टर असतं. ते साफ करणार असाल तर पॅकिंग आधी आणून ठेवा. पहिल्यांदा टाकीऐवजी टांगलेल्या छोट्या बाटलीतून पेट्रोल द्या. गाडी सुरू झाली की दहा मिनिटं उघड्या जागी चालवा आणि तेल पुन्हा बदला.

सुरू झाली म्हणून लगेच चौकात नेऊ नका. ड्रम उघडून ब्रेक शू पाहा. आतली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा, जुन्या शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. टायरवर चार आकडे शोधा: ३५१४ म्हणजे २०१४ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी असं टायर बदलाच, ट्यूबसकट. क्लच, ॲक्सिलरेटर आणि ब्रेकच्या केबल नव्या घाला. चेनकव्हर बंद असल्याने चेनची दशा दिसत नाही, झाकण काढून बघा.

पहिली फेरी गल्लीतच मारा. परत आल्यावर चाकाचे, हँडलचे, इंजिनाचे नट पुन्हा आवळा. ते हमखास सैल झालेले सापडतात. रंग आणि क्रोम सर्वांत शेवटी. मूळ रंग ठेवलात तर आरटीओत जास्तीची खटपट नाही. बदलणार असाल तर आरसीत नोंद करून घ्यावी लागते.