वाचन ही अमानत आहे

दिव्य कुरआनच्या अवतरणाचा प्रारंभ वाचनाच्या आज्ञेने झाला. हिरा गुहेत अवतरलेल्या सूरह अल-अलकच्या पहिल्या पाच आयतींत लेखणीचाही उल्लेख आहे. हे आपण भाषणांतून अनेकदा ऐकले आहे. परंतु त्या आज्ञेत पालनकर्त्याच्या नावाने वाचण्यास सांगितले आहे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. म्हणजे आपण कोणत्या हेतूने आणि किती जबाबदारीने वाचतो, यालाही महत्त्व आहे.

तरुण मित्रांनो, या दृष्टीने हजरत जैद बिन साबित (रजि.) यांचे जीवन पाहा. प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेत आले तेव्हा ते साधारण अकरा वर्षांचे होते. वडिलांचे छत्र त्यापूर्वीच हरपले होते. बद्रच्या युद्धात सामील होण्याची त्यांची इच्छा वय लहान असल्याने पूर्ण झाली नाही. मात्र त्यांची बुद्धी प्रेषितांच्या (स.) नजरेत भरली होती. यहुद्यांशी होणाऱ्या पत्रव्यवहारासाठी त्यांची लिपी शिकून घेण्यास प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले आणि हदीसमधील वर्णनानुसार सुमारे पंधरा दिवसांत त्यांनी ती आत्मसात केली.

पुढे यमामाच्या युद्धात कुरआन मुखोद्गत असलेले अनेक सहाबी शहीद झाले. तेव्हा हजरत उमर (रजि.) यांच्या सूचनेवरून खलीफा हजरत अबू बक्र (रजि.) यांनी कुरआनच्या संकलनाचे काम जैद (रजि.) यांच्यावर सोपविले. त्या वेळी त्यांनी नुकतीच विशी ओलांडली होती. एखादा डोंगर हलविणे याहून सोपे वाटले असते, अशी त्यांच्या मनाची अवस्था झाली. कुरआन त्यांना स्वतःला पाठ होता. तरीही ते केवळ स्मरणावर विसंबले नाहीत. खजुरीच्या फांद्यांवर आणि पातळ दगडांवर लिहिलेल्या, तसेच लोकांच्या हृदयांत जतन झालेल्या आयती त्यांनी शोधून, पडताळून एकत्र केल्या. ज्याला सर्वाधिक ठाऊक होते, त्यानेच सर्वाधिक खातरजमा केली.

आता आपल्याकडे पाहू या. मोबाईलवर एक संदेश येतो, खाली एखाद्या हदीसग्रंथाचे नाव असते आणि मूळ ग्रंथ न उघडताच आपण तो दहा जणांना पाठवितो. अर्ध्या मिनिटाची चित्रफीत पाहून आपण वडीलधाऱ्यांशी दीनबद्दल वाद घालतो. वास्तविक, आलेल्या बातमीची शहानिशा करा, अशी ताकीद सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीत आहे. अपुऱ्या वाचनाने मनुष्य केवळ अज्ञानी राहत नाही, तो दुसऱ्यालाही चुकीच्या वाटेला लावू शकतो. शाळा-महाविद्यालयाचा अभ्यासही याला अपवाद नाही. पाठ केलेली उत्तरे गुण मिळवून देतील. परंतु उद्या तुमच्या हाती रुग्णाचे प्राण, इमारतीचा पाया किंवा एखाद्याचा न्याय असेल, तेव्हा न समजलेले ज्ञान कसे उपयोगी पडेल?

म्हणून फजरच्या नमाजनंतरची वीस मिनिटे पुस्तकासाठी राखून ठेवा. कुरआनच्या थोड्याच आयती वाचा, पण आपल्या मातृभाषेतील अनुवादासह वाचा. हाती घेतलेले पुस्तक पूर्ण करा. जे समजले नाही ते वहीत लिहा आणि जाणकाराला विचारा. हजरत अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.) एखादी हदीस ऐकण्यासाठी भर दुपारी सहाबींच्या दारी जात आणि ते विश्रांती घेत असल्यास चादर उशाशी घेऊन धुळीत वाट पाहत. विचारण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

पालकांनाही एक विनंती. ज्या घरात वडील जेवतानाही मोबाईल खाली ठेवत नाहीत, तेथे मुलाला 'पुस्तक वाच' म्हणण्याला वजन राहत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ तरी सर्वांनी मिळून वाचावे आणि वाचलेल्यावर बोलावे.

ज्ञानवृद्धीसाठी प्रार्थना करण्याची शिकवण सूरह ताहामध्ये खुद्द प्रेषितांना (स.) दिली गेली आहे. मग आपल्याला तिची किती गरज असेल! अल्लाह आपणा सर्वांना लाभदायक ज्ञान आणि त्यानुसार आचरण करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.