पाकिटातले पाकीट

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. तिच्या माहेरचे पत्र आले की ते कोणाकडून तरी वाचून घ्यावे लागे, आणि घरातली गोष्ट दुपारपर्यंत पाणवठ्यावर पोचत असे. पत्र नेणारा हवा, पण वाचणारा नको, असे ती म्हणे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या वाटेस का जावे, असे कोणी विचारले तर माझे उत्तर एवढेच आहे.

‘सिग्नल’ या अ‍ॅपमधील निरोप कुलूपबंद होऊनच निघतो आणि ज्याला पाठविला त्याच्याच फोनवर उघडतो. जानेवारी २०२१ मध्ये इराणात ते अडविण्यात आले. अडविणाऱ्यांना मजकूर वाचता येत नव्हता. परंतु निरोप कोणाच्या सर्व्हरकडे चालला आहे हे ओळखता येत होते, आणि अडवायला तेवढे पुरते. फेब्रुवारीत सिग्नलने अँड्रॉइडवरील अ‍ॅपमध्ये सुरक्षित प्रॉक्सीची सोय घातली.

प्रॉक्सी म्हणजे मध्यस्थ. इराणबाहेरचा कोणी स्वयंसेवक आपला सर्व्हर त्यासाठी देतो आणि फोन सिग्नलऐवजी त्याच्याकडे जातो. साध्या प्रॉक्सीत मात्र पुढचा पत्ता पोस्टकार्डासारखा उघडा असतो. पहारेकरी तो वाटेतच वाचतो. म्हणून येथे पाकिटात पाकीट घातले. बाहेरचे पाकीट मध्यस्थाच्या नावाचे, आतले सिग्नलच्या नावाचे, आणि दोन्ही ‘टीएलएस’ पद्धतीने बंद केलेली. पाहणाऱ्याला वाटते, कोणी साधे संकेतस्थळ उघडीत आहे. मध्यस्थ बाहेरचे पाकीट फोडतो, आतल्यावरचा पत्ता पाहतो, आणि तो सिग्नलचा असेल तरच पुढे धाडतो. आतले पाकीट त्याला फोडता येत नाही. शिवाय त्यातला मजकूर कुलपात असतो तो वेगळाच. मला तर यातली खरी युक्ती ‘सिग्नलचा असेल तरच’ या अटीत दिसते. तिच्यामुळे त्या सर्व्हरचा भलत्या कामासाठी वापर होत नाही.

उणिवा आहेतच. मध्यस्थाचा पत्ता जाहीर झाला की पहारेकरी तोही अडवितो. म्हणून तो खाजगीरीत्या कळवावा, असे सिग्नलने सुचविले. मजकूर कळला नाही तरी फोन कोणत्या आयपी पत्त्यावरून आला, हे मध्यस्थाला दिसू शकते. पोस्टमनला दार माहीत असतेच की!

सप्टेंबर २०२२ मध्ये इराणातील आंदोलनाच्या वेळी सिग्नलला पुन्हा असे मध्यस्थ मागावे लागले. जानेवारी २०२३ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनेही प्रॉक्सीची सोय दिली. त्याच अ‍ॅपवर आईचे बोलून पाठविलेले निरोप मला वसतिगृहात येतात.